देवळातून काढलेल्या वस्तू

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेविसावा अध्याय पंचनाम्यासारखा वाचता येतो. पुस्तक जुन्या करारातलं, साल इ.स.पू. ६२२ च्या आसपासचं, जागा यरुशलेम. देवळाची दुरुस्ती चालू असताना मुख्य याजक हिल्कीयाच्या हाती नियमशास्त्राची पोथी लागते. ती योशीया राजाला वाचून दाखवतात, राजा अंगावरची वस्त्रं फाडतो आणि देवळाची झडती सुरू होते. बाहेर काय काय निघतं? बआल देवाची भांडी. अशेरा देवीची भांडी. नक्षत्रांच्या पूजेची भांडी. सूर्याला वाहिलेले घोडे आणि त्याचे रथ. गच्चीवरच्या वेद्या, दोन्ही अंगणांतल्या वेद्या. देवळाच्या आवारातल्या ज्या खोल्यांत बायका अशेरेसाठी वस्त्रं विणत त्या खोल्याही पाडल्या. खुद्द अशेरा किद्रोनच्या ओढ्याशी नेऊन जाळली, कुटून तिची पूड केली आणि ती थडग्यांवर टाकली.

लिहिणारा राजाच्या पक्षाचा आहे. त्याच्या मते ही सगळी बाहेरून घुसलेली घाण. पण झडती घेणाऱ्याला यादी करावीच लागते, आणि यादीवरून घरात कोण राहत होतं ते कळतं. याहवेच्या (मराठी बायबलातला यहोवा तो हाच) स्वतःच्या घरात, राजघराण्याच्या डोळ्यांदेखत, पिढ्यान्‌पिढ्या हे सामान होतं. पाहुण्यांचं सामान एवढं नसतं.

एकच देव सीनाय पर्वतावर ठरून गेला, असं परंपरा सांगते. उत्खननं, आणि बायबलातच पुसायच्या राहून गेलेल्या काही ओळी, वेगळं सांगतात. घर हळूहळू रिकामं होत गेलं. कोण गेलं, काय गेलं, एवढंच इथे टिपलं आहे. क्रम लागेल तसा.

बाप. इस्राएल या नावात याहवे नाही, एल आहे. इजिप्तच्या मेरनप्ताह राजाच्या शिलालेखात, इ.स.पू. १२०८ च्या सुमाराला, हे नाव पहिल्यांदा दिसतं. फ्लिंडर्स पेट्री यांना तो १८९६ साली थेबेसला सापडला. एल कोण, हे मात्र १९२८ नंतर कळलं. सीरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याचा नांगर जुन्या थडग्याच्या दगडाला अडकला आणि पुढच्या वर्षी शेजारच्या रास शमराच्या टेकाडात उगारित हे शहर उघडं पडलं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर एल भेटतो : म्हातारा, दाढीवाला, दयाळू, देवांच्या सभेचा मुख्य. अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा देव हाच असावा. निर्गमच्या सहाव्या अध्यायात याहवे मोशेला स्वतःच सांगतो की तुझ्या पूर्वजांना मी एल शद्दाय म्हणून दिसलो, माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. एलला कोणी देवळाबाहेर काढलं नाही. त्याचं वय, दाढी, दया आणि सिंहासन याहवेकडे आलं आणि तो दिसेनासा झाला. सगळ्यांत सभ्यपणे गेलेला हाच.

भावंडं. उगारितमध्ये एलची बायको अथिरत हिला सत्तर मुलगे. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, बत्तिसाव्या अध्यायात एक जुनं गीत आहे. त्यात परात्पर देव राष्ट्रांची वाटणी करतो आणि याकोबाचं कूळ याहवेच्या वाट्याला येतं. वाटणी कोणाच्या संख्येनुसार झाली? प्रचलित हिब्रू पाठात लिहिलंय, इस्राएलच्या पुत्रांच्या. जुन्या ग्रीक भाषांतरात देवदूतांच्या. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत निघालेल्या गुंडाळीत : देवाच्या पुत्रांच्या. मूळ पाठ हाच, याबद्दल आता फारसा वाद नाही. म्हणजे एके काळी याहवे वाटणीत एक प्रांत मिळालेला मुलगा होता. शेजारचा मवाब कमोशला गेला, अम्मोन मिलकोमला. पुढे कोणा नकलकाराला हे खटकलं आणि त्याने एक शब्द बदलून सत्तर भावंडांना घराबाहेर केलं. ८२ व्या स्तोत्रात तर देव भरसभेत उठून बाकीच्या देवांना सुनावतो की तुम्ही दुबळ्यांना न्याय दिला नाहीत, आता माणसांसारखे मराल. बहुदेववादाचा मृत्युलेख म्हणावा असं हे स्तोत्र आजही प्रार्थनेत म्हटलं जातं.

बायको. ही बिनबोभाट गेली नाही. सीनायच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद नावाची एक टेकडी आहे. झेव्ह मेशेल यांनी १९७५-७६ मध्ये तिथे खणलं. इ.स.पू. ८०० च्या आसपासचे मोठाले रांजण निघाले. रांजणांवर प्रवाशांनी शाईने चित्रं काढली आहेत. वासराला पाजणारी गाय, झाडाच्या दोन बाजूंना उभे रानबोकड, वीणा वाजवत बसलेली एक आकृती. आणि आशीर्वाद लिहिलेत : शोमरोनच्या याहवेचा आणि त्याच्या अशेरेचा. दुसऱ्या जागी तेमानच्या याहवेचा आणि त्याच्या अशेरेचा. हेब्रोनजवळ खिरबेत अल-कोमच्या थडग्यात उरियाहू नावाच्या माणसासाठी असाच आशीर्वाद कोरला आहे, खाली उघड्या पंजाची खूण.

अशेरा म्हणजे देवी, की देवळात उभा असलेला तिचा लाकडी खांब, यावर विद्वानांनी बरीच पानं खर्च केली आहेत. मला हा वाद जरा पोकळ वाटतो. खांबाचा आशीर्वाद मागणाऱ्याला खांबात कोणीतरी दिसत असणारच.

तानाखची धूपदाणी याहून बोलकी आहे. पॉल लॅप यांना १९६८ मध्ये ती सापडली. इ.स.पू. १० व्या शतकातली, भाजक्या मातीची, हातभर उंच, चार मजली. तळमजल्यावर नग्न बाई, दोन्ही हात दोन सिंहांच्या कानांवर. तिसऱ्या मजल्यावर पुन्हा सिंह, पण मधे बाईच्या जागी झाड, झाडाला तोंड लावलेले दोन बोकड. म्हणजे बाई आणि झाड एकच. सगळ्यात वर एक चौपाया, पाठीवर पंख असलेलं सूर्यबिंब. दुसऱ्या मजल्यावर मात्र दोन पंखधारी रक्षक आणि त्यांच्यामधे चक्क भोक. घडवणाऱ्याने तिथे काही बसवलंच नाही. मजला आड मजला वाटून घेतलेलं हे जोडप्याचं घर आहे आणि ते रिकामं भोक म्हणजे मूर्ती नसलेला याहवे, असं काही अभ्यासक म्हणतात. मला पटतं. सिद्ध करता येत नाही.

घरातली बाई. यहूदाच्या राज्यात, इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकात, घरोघरी मातीची एक बाहुली असे. वीतभर उंच. कमरेखाली पाय नाहीत, खाली पसरत गेलेला भरीव खांब, म्हणजे जमिनीवर ठेवली की उभी राहावी. हात छातीखाली, स्तन पेलून धरलेले. डोकं दोन प्रकारचं. एक साच्यातून काढलेलं, कपाळावर कुरळ्या केसांच्या ओळी. दुसरं गरिबाघरचं : ओल्या मातीचा गोळा दोन बोटांच्या चिमटीत दाबला की मधे नाक, दोन बाजूंना डोळ्यांच्या खळ्या, झाला चेहरा. वर चुन्याचा पांढरा हात, त्यावर लाल-पिवळ्या रेघा. अशा हजाराच्या आसपास सापडल्या आहेत, त्यातला मोठा वाटा यरुशलेममध्ये, म्हणजे देवळाच्या सावलीतच. बहुतेक मोडक्या, केरकचऱ्यात टाकलेल्या. बाळंतपण, दूध, आजारपण यासाठी कोणाला तरी हाक मारावी लागते, आणि रणांगणावरचा देव त्या वेळी कामाचा नाही. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनी सैन्याने शहर जाळलं. त्यानंतरच्या थरांत ही बाई नाही.

कुलदैवतं. हिब्रूत तराफीम. याकोबाची बायको राहेल बापाघरून निघताना बाप लाबान याचे तराफीम चोरते, उंटाच्या खोगिरात कोंबून त्यावर बसते आणि झडतीला आलेल्या बापाला सांगते, मी बाहेरची आहे, उठता येत नाही. लाबानला ते सापडत नाहीत. दावीदची बायको मीखल तर नवऱ्याला खिडकीतून पळवून लावल्यावर त्याच्या अंथरुणात तराफीम निजवते, उशाशी बकरीच्या केसांचं वेटोळं ठेवते, वर पांघरूण घालते. शौल राजाची माणसं फसतात. लेखकाला इथे खटकण्यासारखं काही वाटत नाही, हे महत्त्वाचं. दावीदच्या घरात माणसाएवढा देव सहज हाताशी होता.

पितळी साप. नाव नहुश्तान. वाळवंटात सर्पदंशाने माणसं मरू लागली तेव्हा मोशेने तो घडवला, अशी कथा. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळत. योशीयाचा पणजा हिज्कीया याने त्याचे तुकडे केले. मोशेच्या हातची म्हणून सांगितली जाणारी ती वस्तू होती. सुधारकाने तीच फोडली.

बैल. दोथानजवळच्या डोंगरावर १९७८ मध्ये एका सैनिकाला काशाचा बैल मिळाला, लांबी सतराअठरा सेंटिमीटर, इ.स.पू. १२ व्या शतकातला. दान आणि बेथेल इथे यराबाम राजाने बसवलेले सोन्याचे बैल कोणाला मिळाले नाहीत. सोनं मिळतही नसतं.

सूर्याचे घोडे. राखही नाही. योशीयाच्या यादीत ते कुठे बांधलेले होते तो पत्ता दिला आहे : नथन-मेलेख या अधिकाऱ्याच्या खोलीपाशी. यरुशलेमच्या दावीदनगरात मातीचा एक ठसा निघाला, २०१९ साली तो जाहीर झाला. त्यावर लिहिलंय, राजसेवक नथन-मेलेख याचा. काळही जुळतो. तोच, की त्याच नावाचा दुसरा, कोण जाणे. देवाचे घोडे गेले, शेजारच्या कचेरीचा शिक्का राहिला.

गांजा. यहूदाच्या दक्षिण सीमेवर अरादचा किल्ला. आत याहवेचं छोटं देऊळ, गाभाऱ्यात उभा दगड, दाराशी दोन धूपवेद्या. कोणीतरी त्या आडव्या करून पुरल्या होत्या, त्यामुळे माथ्यावरचा काळा थर टिकला. त्याच्या तपासणीचा निकाल २०२० मध्ये जाहीर झाला. मोठ्या वेदीवर लोबान, जनावराच्या चरबीत. धाकटीवर गांजा, शेणात मिसळलेला, म्हणजे मंद जळावा. यरुशलेमबाहेरची अशी देवळं बंद झाली तेव्हा हा वासही बंद झाला. बायबलातल्या धूपाच्या पाककृतीत गांजाचं नाव नाही.

गावोगावचे याहवे. कुंतिलेत अजरूदचे रांजण एका याहवेबद्दल बोलत नाहीत. शोमरोनचा वेगळा, तेमानचा वेगळा. हेब्रोनलाही एक होता, दावीदचा मुलगा अबशालोम नवस फेडायला तिथे जातो. योशीयाने अशेरेइतकाच घाव या गावदेवळांवर घातला. पुजारी यरुशलेमला आणले, बळी फक्त राजधानीत. याहवे एकच आहे हे अनुवादमधलं वाक्य, ज्याला यहुदी शमा म्हणतात, ते मुळात या गावोगावच्या याहवेंना उद्देशून असावं असं काही अभ्यासकांचं मत आहे. आधी हा देव स्वतःत एक झाला, मग जगात एकटा. कोकणातल्या बेने इस्राएलांनी, रेवदंडा-अलिबागकडच्या आपल्या शनवार तेल्यांनी, इतर सगळं हिब्रू हरवल्यावरही शमा तेवढा जपला. लग्नाला तोच, मर्तिकाला तोच. देवळाच्या नाशाचा दिवस ते बिरड्याचा सण म्हणून पाळत, जेवणात वालाचं बिरडं. सणाला बिरड्याचं नाव पडलं आणि नाशाची आठवण कोकणात तशी टिकली.

मुलांची नावं. शौलने एका मुलाचं नाव योनाथान ठेवलं, म्हणजे याहवेने दिलेला. दुसऱ्याचं एश्बाल, बआलचा माणूस. बापाला त्यात विसंगती वाटली नाही. शमुवेलच्या पुस्तकाच्या नकलकारांना वाटली. त्यांनी बआल खोडून तिथे बोशेथ, म्हणजे लाज, असं घातलं आणि राजपुत्र ईश-बोशेथ झाला. योनाथानचा लंगडा मुलगा मरीब्बाल, तो मफीबोशेथ. स्वतःच्या मुलाचं नाव लाज कोण ठेवील? इतिहासाच्या पुस्तकातली नावं बदलायची राहून गेली, म्हणून चोरी कळली. खिरबेत केयाफाच्या उत्खननात त्याच काळातल्या एका रांजणावर एश्बाल हे नाव सरळ कोरलेलं आहे. तो दुसरा कोणी, पण नाव चालू होतं. सातव्या शतकापर्यंत यहूदाच्या शिक्क्यांवर बआलची नावं जवळपास संपतात.

आकाशराणीच्या पोळ्या. यिर्मयाने पाहिलेलं दृश्य : मुलं सरपण गोळा करतायत, बाप जाळ पेटवतायत, बायका कणीक मळतायत. आकाशराणीसाठी पोळ्या करायच्या आहेत. सगळं घर कामाला लागलेलं आहे आणि संदेष्टा दाराशी उभा राहून शाप देतोय. शहर पडल्यावर उरलेली माणसं इजिप्तला पळाली, यिर्मयाही त्यांच्यात. तिथे त्याने पुन्हा तेच सुरू केलं, तेव्हा बायकांनी त्याला तोंडावर उत्तर दिलं. आम्ही तिला धूप दाखवत होतो तेव्हा पोटभर भाकरी होती, काही वाईट नव्हतं. ते बंद केलं तेव्हापासून तलवार आणि दुष्काळ. आणि पोळ्या काय आम्ही नवऱ्यांना न विचारता केल्या?

बंद कोणी केलं? योशीयाने. त्यानंतर तेरा वर्षांत तो मगिद्दोला इजिप्तच्या राजाच्या हातून मेला, आणखी तेवीस वर्षांत यरुशलेमची राख झाली. पुराव्याच्या बाजूने पाहिलं तर बायकांचं म्हणणं बिनतोड आहे. यिर्मयाचं उत्तर उलट : पोळ्या केल्यात म्हणूनच हे झालं. जिंकला तो यिर्मया, कारण पुस्तक त्याच्या लोकांनी लिहिलं. मात्र बायकांचं बोलणंही त्यांनी त्यात ठेवलं, याबद्दल त्यांचे उपकार मानले पाहिजेत. यिर्मयाचं गाव अनाथोथ. अनात या देवीचं ते गाव, आणि नाव कोणी बदललं नाही.

दोष द्यायला दुसरा. मवाबचा राजा मेशा याचा काळा शिलालेख १८६८ मध्ये धिबानला सापडला. पुढच्या वर्षी स्थानिक बेदुइनांनी तो फोडला, तुकडे आणि आधी घेतलेला कागदी ठसा मिळून आज तो लूव्रमध्ये उभा आहे. इस्राएलने मवाबला इतकी वर्षं छळलं, कारण कमोश आपल्याच देशावर रागावला होता, असं मेशा म्हणतो. मग राग उतरला आणि मेशाने नबो गाव घेऊन याहवेची भांडी कमोशपुढे ओढत आणली. बायबलातली बाजू याच्याशी जुळते, आणि चमत्कारिक रीतीने. मेशा कोंडीत सापडतो, तटावर थोरल्या मुलाचा बळी देतो आणि इस्राएलवर मोठा कोप होतो. सैन्य घरी परततं. कोप कोणाचा? लेखक सांगत नाही. कमोशचा, हे उत्तर त्याला लिहवत नसावं.

हरलो तर शेजाऱ्याचा देव भारी पडला, किंवा आपला रुसला : ही सोय सगळ्यांना होती. ५८६ नंतर बाबिलोनमध्ये बसलेल्या यहूद्यांपुढे सरळ हिशोब होता, बाबिलोनचा देव मार्दुक जिंकला, याहवे हरला. तसं मानून बाकीच्या पराभूत जमाती विरघळून गेल्या. इथे मात्र यशयाच्या पुस्तकाचा उत्तरार्ध लिहिणाऱ्या निनावी माणसाने हिशोबच फिरवला. मार्दुक नाहीच. बाबिलोन हे याहवेच्या हातचं हत्यार होतं आणि इ.स.पू. ५३९ मध्ये ते शहर घेणारा इराणी कुरुशही त्याचाच माणूस. एकच देव, दुसरा नाही, हे इतक्या स्वच्छ शब्दांत पहिल्यांदा म्हटलं ते देऊळ, राजा आणि राज्य तिन्ही गेल्यावर. त्याची किंमतही त्याच माणसाने त्याच पुस्तकाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात मोजली आहे. प्रकाश मी घडवतो, अंधारही मी. कल्याण माझं, अरिष्टही माझंच. समुद्र, मृत्यू, रोगराई यांना पूर्वी आपापले देव होते, त्यांच्याकडे बोट दाखवता येई. आता सगळी गाऱ्हाणी एकाच दारात. देवाला जाब विचारणारा बायबलातला ईयोब तिथेच उभा राहिला.

येबची वर्गणी. हे सगळं घडून गेल्यावर, इजिप्तच्या दक्षिण टोकाला, आस्वानसमोरच्या येब बेटावर इराणी बादशहाच्या चाकरीत यहुदी शिपायांची वस्ती होती. त्यांचं स्वतःचं देऊळ होतं, याहूचं. याहू म्हणजे याहवेच. इ.स.पू. ४१० मध्ये शेजारच्या ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी ते पाडवलं. वस्तीने यरुशलेमच्या मुख्य याजकाला लिहिलं, उत्तर नाही. ४०७ मध्ये यहूदाच्या सुभेदाराला पुन्हा अर्ज केला. या खेपेला मंजुरी आली, पण पिठाचं अर्पण आणि धूप एवढ्यापुरती. पशुबळीचा उल्लेख नाही.

या वस्तीच्या कागदांत त्याच शतकाच्या अखेरीची वर्गणीची यादी आहे. मथळा सांगतो, याहू देवासाठी दर माणशी दोन शेकेल चांदी. खाली नावांमागून नावं, त्यांत बायका पुष्कळ. शेवटी जमाखर्च मांडताना मात्र कारकुनाने रक्कम तीन देवांत वाटली आहे. याहूला १२६ शेकेल. एशेमबेथेलला ७०. अनातबेथेलला १२०. देवी फक्त सहा शेकेलनी मागे.